पोलंडचं राज्य आणि त्याची बदलती सरकारं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलंडचा आधुनिक इतिहास वाचताना बहुतेकांची गाडी ठरावीक ठिकाणीच अडते. देश नकाशावरून गेला म्हणजे काय झालं? एकाच वेळी दोन सरकारं कशी होती? पंतप्रधान मोठा की पक्षाचा सचिव? आताचे राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान एकमेकांच्या विरोधात असताना कारभार चालतो कसा? एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवलेली बरी. ‘सत्ता कुणाच्या हातात आहे’ आणि ‘हक्काचं सरकार कुठलं’ हे दोन प्रश्न पोलंडमध्ये फार काळ वेगवेगळे होते. खालची बरीचशी उत्तरं या फरकाभोवतीच फिरतात.

पोलंड १२३ वर्षं अस्तित्वातच नव्हतं, हे खरं का?

राज्य म्हणून नव्हतं, हे खरं. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत सगळा मुलूख वाटून घेतला. शेवटचा राजा स्तानिस्वाफ आउगुस्त पोन्यातोव्स्की यानं नोव्हेंबर १७९५ मध्ये पद सोडलं. तेवढ्यावर शेजाऱ्यांचं समाधान झालं नाही. १७९७ च्या करारात त्यांनी एक गुप्त कलम घातलं: ‘पोलंडचं राज्य’ हे नावसुद्धा यापुढे कुणी लावायचं नाही. त्याच वर्षी इटलीत, नेपोलियनच्या बाजूनं लढणाऱ्या पोलिश पलटणींसाठी युझेफ विबित्स्कीनं एक गाणं लिहिलं. आम्ही जिवंत आहोत तोवर पोलंड संपलेलं नाही, अशी त्याची सुरुवात आहे. आज तेच राष्ट्रगीत आहे.

मधली वर्षं अगदीच कोरी नव्हती. नेपोलियनच्या छत्राखाली १८०७ ते १८१५ वॉर्साची डची (छोटं संस्थान) होती. मग झारच्या मुकुटाखाली एक ‘पोलंडचं राज्य’ उभं राहिलं. त्याला स्वतःची राज्यघटना, संसद आणि सैन्य होतं, पण १८३०-३१ आणि १८६३-६४ च्या उठावांनंतर ते सगळं टप्प्याटप्प्यानं गेलं. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिशियाची गोष्ट निराळी. तिथं १८६० च्या दशकापासून बरीच स्वायत्तता मिळाली, पोलिश भाषेत शाळा, विद्यापीठं आणि कचेऱ्या चालल्या. १९१८ मध्ये नवं राज्य उभारताना फायली हाताळता येणारी माणसं मोठ्या संख्येनं इथूनच आली.

इतका मोठा देश बुडाला कसा? आपसातल्या भांडणानं?

असं म्हणतात खरं, पण ते अर्धंच खरं आहे. राजा निवडून यायचा, शेजारी त्यात पैसा आणि सैन्य ओतायचे. संसदेत एका सभासदानं नकार दिला तरी अख्खं अधिवेशन मोडायचं. हे दोष होतेच. पण ते दूर करायचं काम सुरू झालं होतं. ३ मे १७९१ रोजी संसदेनं लिखित राज्यघटना मंजूर केली, युरोपातली आधुनिक अर्थानं पहिली. एकट्याच्या नकाराधिकाराला त्यात जागा नव्हती. पुढच्याच वर्षी रशियाचं सैन्य आत शिरलं. पोलंड दुबळं होतं म्हणून शेजाऱ्यांची सोय होती; ते सावरायला लागल्यावर त्यांना घाई झाली. ३ मे हा आजही राष्ट्रीय सण आहे.

११ नोव्हेंबर १९१८ ला नक्की काय घडलं? त्या दिवशी निवडणूक झाली की घोषणा?

दोन्ही नाही. पहिल्या महायुद्धात फाळणी करणारी तिन्ही साम्राज्यं कोसळली, हा मुख्य योग. जर्मनांनी वॉर्सात नेमलेल्या रिजन्सी कौन्सिलनं ७ ऑक्टोबरलाच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. एका महिन्यानं समाजवाद्यांनी लुब्लिनमध्ये इग्नात्सी दाशिन्स्कीच्या नेतृत्वाखाली वेगळंच सरकार मांडलं. १० नोव्हेंबरला पोलिश पलटणींचा सेनानी युझेफ पिल्सुद्स्की माग्देबुर्गच्या जर्मन कैदेतून सुटून वॉर्सात उतरला आणि ११ तारखेला रिजन्सी कौन्सिलनं सैन्याची सूत्रं त्याच्याकडे दिली. तीन दिवसांनी बाकीचे अधिकारही त्याच्याकडे आले. म्हणजे ही तारीख सोयीची म्हणून मागाहून ठरलेली आहे. कायद्यानं हा सण १९३७ मध्ये आला, कम्युनिस्टांनी तो बंद केला आणि १९८९ मध्ये तो परत आला.

नोव्हेंबर संपण्याआधी निवडणुकीचा हुकूम निघाला, त्यात बायकांनाही मताचा अधिकार होता. पहिली निवडणूक २६ जानेवारी १९१९ ला झाली. तेव्हा पंतप्रधान होता इग्नात्सी पादेरेव्स्की, जगभर गाजलेला पियानोवादक.

तीन साम्राज्यांचे तुकडे एका सरकारनं जोडले कसे?

मोठ्या कष्टानं, आणि काही सांधे शेवटपर्यंत कच्चेच राहिले. सुरुवातीला बाजारात रूबल, मार्क आणि क्रोन अशी सगळी नाणी चालत होती. पूर्वीच्या रशियन भागातल्या रेल्वेच्या रुळांची रुंदी वेगळी. कायद्याची तर खिचडीच होती: पश्चिमेला जर्मन नागरी कायदा, दक्षिणेला ऑस्ट्रियाचा, पूर्वेला रशियाचा आणि मधल्या पट्ट्यात नेपोलियनच्या काळापासून चालत आलेला फ्रेंच कायदा. लग्न, वारसा, जमिनीची खरेदी-विक्री, सगळं जिल्ह्यागणिक बदलायचं. नागरी कायदा एकसारखा करण्याचं काम दुसऱ्या महायुद्धापर्यंत पुरं झालं नाही.

वर सीमाही ठरायच्या होत्या. सोव्हिएत रशियाबरोबरचं युद्ध ऑगस्ट १९२० मध्ये वॉर्साच्या वेशीपर्यंत आलं, तिथं लाल सैन्याचा पराभव झाला, आणि १८ मार्च १९२१ च्या रीगा करारानं पूर्वेची सीमा ठरली. या देशात सुमारे एक तृतीयांश लोक पोलिश नव्हते. युक्रेनी, ज्यू, बेलारूसी, जर्मन असे सगळेच नागरिक होते. देश कुणाचा, तिथल्या सगळ्या नागरिकांचा की फक्त पोलिश लोकांचा, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

पहिल्या राष्ट्राध्यक्षाचा खून झाला होता म्हणतात. का?

वरच्याच वादातून. मार्च १९२१ च्या घटनेनं संसदेला जवळपास सगळी सत्ता आणि राष्ट्राध्यक्षाला शोभेचं पद दिलं. हे पद पिल्सुद्स्कीला मिळेल या धास्तीनं उजव्या पक्षांनी ते मुद्दाम पोकळ ठेवलं होतं. त्यानं मग उमेदवारीच नाकारली. ९ डिसेंबर १९२२ ला संसदेनं पाचव्या फेरीत गाब्रियेल नारुतोविचला निवडलं. हा जलविद्युतचा इंजिनिअर, झुरिकला प्राध्यापक राहिलेला, राजकारणात नवखा. त्याला डाव्यांची, शेतकरी पक्षांची आणि अल्पसंख्याकांची मतं मिळाली. ही ‘पोलिश मतं’ नव्हेत, म्हणून हा आमचा राष्ट्राध्यक्ष नव्हे, असा गिल्ला उजव्या वर्तमानपत्रांनी केला. शपथविधीच्या दिवशी त्याच्या बग्गीवर रस्त्यात चिखल-बर्फाचे गोळे फेकले गेले. पाच दिवसांनी, १६ डिसेंबरला, झाखेंता या कलादालनात चित्रप्रदर्शन पाहताना एलिगियुश निएव्यादोम्स्की या चित्रकारानं त्याला गोळ्या घातल्या.

१९२६ चं बंड म्हणजे लष्करी हुकूमशाहीची सुरुवात का?

हो, पण एका दिवसात आलेली नव्हे. १९१८ पासून १९२६ पर्यंत डझनभराहून अधिक मंत्रिमंडळं आली आणि गेली. १९२३ मध्ये महागाई इतकी भडकली की चलनच बदलावं लागलं. १९२४ मध्ये आलेला झ्वॉती आजही नावानं तोच आहे. लोक कंटाळले होते. १२ मे १९२६ ला पिल्सुद्स्की आपल्याशी इमान राखणाऱ्या तुकड्या घेऊन वॉर्सावर चालून आला.

त्या दुपारी विस्तुला नदीवरच्या पोन्यातोव्स्की पुलावर तो आणि राष्ट्राध्यक्ष स्तानिस्वाफ वोयचेखोव्स्की समोरासमोर आले. दोघं तरुणपणचे साथी, झारच्या राज्यात एकत्र चोरून समाजवादी वर्तमानपत्र छापणारे. पिल्सुद्स्कीला वाटलं, सैन्य पाहून जुना मित्र नमेल. वोयचेखोव्स्की हलला नाही. घटनेनं नेमलेल्या सरकारविरुद्ध हत्यार उचलू नका, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मग तीन दिवस रस्त्यांवर लढाई झाली. समाजवादी रेल्वे कामगारांनी संप करून सरकारची कुमक अडवली. ३७९ माणसं मेली आणि सरकारनं राजीनामा दिला.

यानंतर संसदेनं पिल्सुद्स्कीला राष्ट्राध्यक्ष निवडलं, तर त्यानं नकार देऊन इग्नात्सी मोश्चित्स्की या रसायनशास्त्रज्ञाला पुढे केलं. संसद राहिली, पक्ष राहिले, निवडणुका झाल्या, पण खरी सूत्रं पडद्यामागून हलत. १९३० मध्ये विरोधी पुढाऱ्यांना पकडून ब्रेस्तच्या किल्ल्यात डांबलं. एप्रिल १९३५ च्या नव्या घटनेनं राष्ट्राध्यक्षाला अफाट अधिकार दिले. ती ज्याच्या मापानं शिवली होती तो पिल्सुद्स्की महिन्याच्या आतच वारला. याच घटनेतलं एक कलम पुढे अनपेक्षित कामाला आलं. ते खाली आहे.

१९३९ मध्ये देश पडल्यावर सरकार कुठं गेलं?

१ सप्टेंबरला जर्मनी पश्चिमेकडून आली. १७ सप्टेंबरला, हिटलर-स्टालिन कराराप्रमाणे, सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून आलं. त्या रात्री राष्ट्राध्यक्ष आणि मंत्री सीमा ओलांडून रुमानियात गेले आणि तिथं नजरकैदेत अडकले. सरकार तिथंच संपायचं. पण १९३५ च्या घटनेत युद्धकाळात राष्ट्राध्यक्षानं स्वतःचा वारस नेमावा अशी तरतूद होती. मोश्चित्स्कीनं ती वापरली, आणि ३० सप्टेंबरला पॅरिसमध्ये व्वादिस्वाफ राच्किएविचनं शपथ घेतली. जनरल सिकोर्स्की पंतप्रधान झाला. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर हे सरकार लंडनला गेलं.

लोकशाही आवळण्यासाठी केलेल्या घटनेनंच राज्याचा धागा तुटू दिला नाही, यातली गंमत पोलिश इतिहासकारांच्या नजरेतून सुटलेली नाही. मायदेशात या सरकारचं सैन्य (होम आर्मी), न्यायालयं, शाळा सगळं भूमिगत चालत होतं. परदेशात आश्रय घेतलेली सरकारं इतरही होती. पण ज्याची एवढी मोठी गुप्त यंत्रणा देशात कामाला होती, असं दुसरं शोधून सापडायचं नाही.

मग स्टालिननं दुसरं सरकार का उभं केलं?

कारण लंडनचं सरकार त्याचं ऐकणारं नव्हतं. एप्रिल १९४३ मध्ये कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांच्या सामूहिक कबरी सापडल्या. १९४० मध्ये सोव्हिएत पोलिसांनी तिथं आणि इतर ठिकाणी मिळून सुमारे २२,००० पोलिश कैदी मारले होते. लंडन सरकारनं रेड क्रॉसकडून चौकशी मागितली, तर मॉस्कोनं संबंधच तोडले. मॉस्कोनं गुन्हा कबूल केला तो १९९० मध्ये. जुलै १९४३ मध्ये सिकोर्स्कीचं विमान जिब्राल्टरजवळ कोसळलं आणि दोस्तांमध्ये वजन असलेला एकमेव माणूस गेला.

जुलै १९४४ मध्ये लाल सैन्यापाठोपाठ कम्युनिस्टांची समिती लुब्लिनमध्ये बसली. १ ऑगस्टला होम आर्मीनं वॉर्सात उठाव केला. मुक्त झालेल्या राजधानीत सोव्हिएतांचं स्वागत आपल्या सरकारनं करावं, हा हिशेब. उठाव ६३ दिवस चालला, सुमारे दोन लाख माणसं मेली, आणि उरलेलं शहर जर्मनांनी जाळून सपाट केलं. या निर्णयावर पोलंडमध्ये आजही एकमत नाही. घराघरात वाद होतात.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या बैठकीत अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघानं ठरवलं की त्या समितीतून झालेलं वॉर्साचं कम्युनिस्ट सरकारच थोडं रुंद करायचं. लंडन सरकारचा माजी पंतप्रधान मिकोवायचिक उपपंतप्रधान म्हणून त्यात गेला. ५ जुलै १९४५ ला अमेरिका आणि ब्रिटननं लंडन सरकारची मान्यता काढली. जानेवारी १९४७ च्या निवडणुकीत निकाल बनवले गेले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मिकोवायचिकला जीव वाचवून पळावं लागलं.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा या सगळ्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. १९४० पासून सोव्हिएतांनी पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सैबेरिया आणि कझाकस्तानात हाकलली. १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावर हल्ला केल्यावर सिकोर्स्कीनं स्टालिनशी करार करून त्यांतल्या बऱ्याच जणांची सुटका मिळवली. सुटलेल्यांतून उभारलेल्या जनरल आंडेर्सच्या पोलिश सैन्याबरोबर बायका-मुलं इराणला आली आणि तिथून एक वाट हिंदुस्थानाकडे निघाली. जामनगरजवळच्या बालाचडीत नवानगरच्या जामसाहेबांनी सुमारे हजार मुलं ठेवून घेतली. कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार माणसांची वसाहत होती. बराकींच्या ओळी, शाळा, चर्च, नाटकं, स्काऊटची पथकं असं एक छोटं पोलिश गावच. खर्च मुख्यतः लंडनच्या पोलिश सरकारचा.

म्हणूनच जुलै १९४५ ची बातमी इथं फार कडू ठरली. ज्या सरकारच्या कागदावर ही माणसं पोलिश नागरिक होती, त्याला आता ब्रिटन मानत नव्हतं. शिवाय बहुतेकांची गावं नव्या सीमेनं सोव्हिएत संघात गेली होती. परत जायचं म्हणजे कुठं? काही जण पोलंडला गेले. पुष्कळांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडाची वाट धरली. त्यांच्या बराकींत पुढे फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहायला आले, तेच आजचं गांधीनगर. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी तिथं अभिवादन केलं.

देश खरंच पश्चिमेला सरकला का?

हो. पूर्वेकडची सुमारे १,८०,००० चौरस किलोमीटर जमीन गेली, पश्चिमेला जर्मनीकडून सुमारे १,००,००० आली. विल्नियस आणि ल्विव ही शहरं गेली. व्रोत्सवाफ आणि श्चेचिन आली. लाखो जर्मनांना हाकललं, त्यांच्या घरांत पूर्वेकडून उठवलेले पोलिश लोक आले. युद्धात जवळपास साठ लाख पोलिश नागरिक मेले होते, त्यांत निम्मे ज्यू. युद्धापूर्वीचा बहुभाषी, बहुधर्मी पोलंड असा संपला. पश्चिम सीमेवर एकीकृत जर्मनीनं शेवटची सही केली ती नोव्हेंबर १९९० मध्ये.

कम्युनिस्ट काळात खरी सत्ता पंतप्रधानाकडे होती का?

नाही, ती कम्युनिस्ट पक्षाच्या पहिल्या सचिवाकडे होती. युझेफ त्सिरान्किएविच १९४७ ते १९५२ आणि पुन्हा १९५४ ते १९७० पंतप्रधान होता. यादी पाहून वाटतं, काय स्थिर देश! पण तेवढ्या काळात पक्षाचा पहिला सचिव अनेकदा बदलला आणि दर बदलामागं एक स्फोट होता. बियेरुत मार्च १९५६ मध्ये मॉस्कोतच वारला. जूनमध्ये पोझनानच्या कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑक्टोबरात गोमुल्का आला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. डिसेंबर १९७० मध्ये नाताळाच्या तोंडावर त्यानं मांस आणि इतर खाण्याचे पदार्थ महाग केले. बाल्टिक किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांवर गोळीबार झाला आणि गोमुल्का गेला. त्याच्या जागी गियेरेक आला, त्यानं पश्चिमेकडून कर्ज काढून दुकानं भरली. कर्जाचे हप्ते आले तेव्हा त्याचंही आसन डळमळलं. तिथल्या लोकांना सरकार बदलायला मतपेटी नव्हती, संप होता.

कागदोपत्री सगळं रीतसर होतं. १९५२ ची घटना होती (तिच्या मसुद्यावर स्टालिननं स्वतः दुरुस्त्या केल्या होत्या), संसद होती, कम्युनिस्टांच्या जोडीला शेतकऱ्यांचा आणि मध्यमवर्गाचा असे दोन मित्रपक्षही होते. हे दोन्ही पक्ष चाळीस वर्षं नुसती मान डोलावत. १९८९ मध्ये त्यांनी ती फिरवली.

सॉलिडॅरिटी नेमकी काय होती? पक्ष की युनियन?

नावानं युनियन. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदीत आना वालेन्तिनोविच या क्रेनचालक बाईला कामावरून काढलं, त्यावरून संप पेटला. लेक वालेसा हा इलेक्ट्रिशियन पुढारी झाला. ३१ ऑगस्टला सरकारनं करार करून स्वतंत्र युनियन मान्य केली. वर्षभरात सभासद कोटीच्या घरात गेले. कामगारांच्या नावानं चालणाऱ्या राज्याला कामगारांचीच संघटना जड झाली, ही त्या राजवटीची खरी नाचक्की होती. एक वर्ष आधी पोप जॉन पॉल दुसरे मायदेशी आले होते तेव्हा लाखोंच्या सभांत लोकांना एकमेकांची संख्या कळली होती, तोही भाग आहेच.

१३ डिसेंबर १९८१ ला जनरल यारुझेल्स्कीनं मार्शल लॉ पुकारला. टेलिफोन बंद, रस्त्यावर रणगाडे, हजारो अटकेत. वुयेक कोळसा खाणीत नऊ कामगार मारले गेले. ‘मी हे केलं नसतं तर सोव्हिएत सैन्य आलं असतं’ हा यारुझेल्स्कीचा बचाव मरेपर्यंत होता. आतापर्यंत बाहेर आलेले कागद पाहता तो मला पटत नाही, पण तो मानणारे पोलिश लोक कमी नाहीत.

४ जून १९८९ ची निवडणूक अर्धवट होती, तरी राजवट कशी पडली?

सरकार आणि सॉलिडॅरिटी यांच्या गोलमेज चर्चेत (६ फेब्रुवारी ते ५ एप्रिल १९८९) ठरलं की सेइमच्या (संसदेचं खालचं सभागृह) ४६० जागांपैकी १६१ जागाच खुल्या; सेनेटच्या (वरचं सभागृह) १०० मात्र पूर्ण खुल्या. सरकारचा हिशेब साधा होता: विरोधकांना थोडी खिडकी उघडायची, बहुमत आपलंच.

मतदान नको असलेली नावं खोडून करायचं होतं. सॉलिडॅरिटीनं खुल्या १६१ च्या १६१ आणि सेनेटच्या ९९ जागा जिंकल्या. सत्ताधाऱ्यांचे ३५ बडे उमेदवार एका वेगळ्या राष्ट्रीय यादीत बिनविरोध होते, फक्त निम्मी मतं हवी होती. लोकांनी त्या कागदावर सरळ फुली मारली. ३५ पैकी दोघेच तरले. त्यांतल्या एकाचं नाव यादीच्या अगदी तळाशी होतं आणि फुलीच्या रेघा तिथवर पोचल्या नाहीत म्हणून तो वाचला, असं गमतीनं सांगतात.

तरी कागदावर बहुमत कम्युनिस्ट आघाडीकडेच होतं, आणि जुलैत यारुझेल्स्की एका मताच्या काठावर राष्ट्राध्यक्षही झाला. मग ते दोन मान डोलावणारे मित्रपक्ष फिरले. १६१ मध्ये शेतकरी पक्षाचे ७६ आणि मध्यमवर्गाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे २७ मिळवा: २६४. बहुमताला २३१ पुरतात. २४ ऑगस्टला तादेउश माझोवियेत्स्की पंतप्रधान झाला. सप्टेंबरात सेइममध्ये भाषण करताना त्याला भोवळ आली. बाहेर जाऊन तासाभरात परतल्यावर तो म्हणाला की माझी अवस्था आपल्या अर्थव्यवस्थेसारखी झाली होती, पण मी सावरलो, तीही सावरेल. डिसेंबर अखेरीस देशाचं नाव बदललं आणि राष्ट्रचिन्हातल्या गरुडाच्या डोक्यावर मुकुट परत आला.

आणि लंडनचं सरकार? ते कधी संपलं?

२२ डिसेंबर १९९० ला. मान्यता गेली तरी ते ४५ वर्षं चालू होतं. लंडनच्या ईटन प्लेसमधल्या ४३ नंबरच्या घरात राष्ट्राध्यक्ष नेमले जात, मंत्री बैठका घेत, आणि १९५० च्या दशकात तर पदावरून फूटही पडली. लोक हसायचे. १९९० मध्ये वालेसा थेट मतदानानं राष्ट्राध्यक्ष झाला आणि शेवटचा लंडनवासी राष्ट्राध्यक्ष रिशार्द काचोरोव्स्की वॉर्साच्या राजवाड्यात आला. त्यानं १९३५ च्या घटनेची मूळ प्रत, राष्ट्राध्यक्षाचं निशाण आणि शिक्के वालेसाच्या हवाली केले. यारुझेल्स्कीला समारंभाचं बोलावणं नव्हतं. सत्ता यारुझेल्स्कीकडून घेतली, पण अधिकार काचोरोव्स्कीकडून, असा त्याचा अर्थ.

काचोरोव्स्की सोव्हिएत छळछावणीतून सुटून आंडेर्सच्या सैन्यात गेलेला माणूस. १० एप्रिल २०१० ला कातिनच्या स्मृतिदिनासाठी राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की यांच्याबरोबर जाताना स्मोलेन्स्कच्या विमान अपघातात ९६ जणांत तोही गेला.

१९९० च्या दशकात सरकारं इतकी भराभर का पडली?

१९९१ च्या निवडणुकीत किमान मतांची अट नव्हती, त्यामुळे सेइममध्ये २९ गट निवडून आले. त्यांत बिअरप्रेमींचा पक्षही होता, १६ जागा घेऊन. यान ओल्शेव्स्कीचं सरकार जून १९९२ मध्ये एका रात्रीत पडलं. पुढाऱ्यांपैकी जुन्या गुप्त पोलिसांचे खबरे कोण, याची यादी संसदेत आल्यावरून. मग पाव्लाक ३३ दिवस पंतप्रधान होता आणि मंत्रिमंडळच बनवू शकला नाही. हाना सुखोत्स्काचं सरकार १९९३ मध्ये एका मतानं गेलं. त्यानंतर पक्षाला ५ टक्के आणि आघाडीला ८ टक्के मतांची अट लागली. पूर्ण चार वर्षं टिकलेलं पहिलं पंतप्रधानपद येझी बुझेकचं, १९९७ ते २००१.

या गोंधळातही दिशा बदलली नाही, हे विशेष. माजी कम्युनिस्ट सत्तेत आले तरी बाजारपेठ, नाटो (१९९९) आणि युरोपीय संघ (२००४) यांवर कुणी माघार घेतली नाही.

आता सरकार पाडणं सोपं आहे का?

अवघड आहे. १९९७ च्या घटनेनुसार अविश्वास ठराव आणणाऱ्यांनी त्याच ठरावात पुढच्या पंतप्रधानाचं नाव द्यायचं असतं, आणि २३१ मतं लागतात. नुसतं ‘हे नको’ चालत नाही.

राष्ट्राध्यक्ष मोठा की पंतप्रधान?

रोजचा कारभार पंतप्रधानाचा. पण राष्ट्राध्यक्ष थेट लोकांकडून पाच वर्षांसाठी निवडला जातो आणि कायद्यावर नकाराधिकार वापरू शकतो. तो मोडायला सेइममध्ये तीन पंचमांश मतं लागतात, आणि ती सहसा कुणाकडेच नसतात. डिसेंबर २०२३ पासून दोनाल्द तुस्क पंतप्रधान आहेत. ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्राध्यक्ष आहेत कारोल नाव्रोत्स्की, विरोधी ‘कायदा आणि न्याय’ पक्षाच्या पाठिंब्यानं ५०.८९ टक्के मतांनी निवडून आलेले. गाडी अडते ती इथंच.

२०१५ ते २०२३ च्या वादाचा गाभा काय?

न्यायालयं. ‘कायदा आणि न्याय’ पक्षाला २०१५ मध्ये ३७.६ टक्के मतांवर २३५ जागा मिळाल्या. १९८९ नंतर एकट्या पक्षाला मिळालेलं हे पहिलं बहुमत, आणि त्याला डाव्यांची आघाडी ८ टक्क्यांच्या अटीत अडकल्याचाही हात होता. घटना न्यायाधिकरणात आणि न्यायाधीश नेमणाऱ्या परिषदेत त्यांनी आपली माणसं बसवली. युरोपीय संघानं पैसे रोखले. पक्षाचं म्हणणं, १९८९ ची तडजोड जुन्या मंडळींच्या सोयीची होती, राज्य आता कुठे लोकांच्या हाती येतंय. २००५ मध्ये ‘चौथं प्रजासत्ताक’ ही त्यांची घोषणा याच अर्थाची होती. (आजचं अधिकृतपणे तिसरं: पहिलं १७९५ पर्यंतचं, दुसरं १९१८ चं, कम्युनिस्ट काळ मोजणीत नाही.)

१५ ऑक्टोबर २०२३ ला ७४ टक्क्यांवर मतदान झालं. व्रोत्सवाफच्या यागोद्नो भागात मध्यरात्र उलटून गेली तरी लोक रांगेत उभे होते. सर्वांत मोठा पक्ष ‘कायदा आणि न्याय’च राहिला, पण १९४ जागांवर. त्याच्या मोराविएत्स्कीच्या नव्या सरकारचा संसदेत दोन आठवड्यांत पराभव झाला आणि तुस्क आले. त्यांच्यापुढचा पेच अजून तसाच आहे: आधीच्या सरकारनं वादग्रस्त रीतीनं नेमलेले न्यायाधीश खरे धरायचे की नाही? खरे नाहीत म्हटलं, तर त्यांनी दिलेल्या निकालांचं काय करायचं? नाव्रोत्स्कींच्या सहीशिवाय नवा कायदा होत नाही, म्हणून दोन्ही बाजू आपापले न्यायाधीश खरे मानून चालतात.

पुढची निवडणूक कधी?

संसदेची २०२७ च्या शरद ऋतूत, आणि राष्ट्राध्यक्षाची २०३० मध्ये.